खीशा या नावाचा खुलासा

मी, इन्साफ बदवी अश्मावी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मरहूम सुब्ही पिंजाऱ्याची बायको, राहणार समन्नूद, कालव्यापलीकडची गल्ली, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. डोळ्यांना कमी दिसते, गुडघे गेले आहेत. पण कोण कधी काय बोलले ते शब्दन्‌शब्द आठवते. तेव्हा माझी बुद्धी शाबूत आहे असे वकील लबीबसाहेबांनी खाली लिहिले, तर ते खोटे होणार नाही.

१. कफनाचे कापड कपाटात वरच्या फळीवर आहे. दफनाचा मंडप घालू नये, लाऊडस्पीकर लावू नये. आमच्या कबरस्तानात भिंतीच्या कोपऱ्यात दोन तान्ह्या मुली आहेत, मला त्यांच्याजवळ ठेवावे. त्या कोणाच्या, ते कलम तीनमध्ये येईल.

२. शरियतीप्रमाणे माझ्या मुलीचा आणि माझा भाऊ हमदी याचा जो हिस्सा निघतो तो त्यांना मिळेलच. माझ्या मर्जीने द्यायचा जो एक तृतीयांश हिस्सा असतो, त्यातून वरची खोली, शिवणयंत्र आणि अंथरुणे मुलीला द्यावीत. यजमानांची कापूस पिंजायची पिंजण आणि दांडू गल्लीतल्या हुसनी पिंजाऱ्याला द्यावे. भिंतीला टांगून ठेवणार असेल तर देऊ नये.

३. मुलीचे नाव. हे कलम लांबेल, वकीलसाहेबांनी कंटाळू नये.

तिच्याआधी मला दोन मुली झाल्या. एक बुदूर, दुसरी जवाहिर. नावे ऐकून बायका म्हणायच्या, वा, काय सुंदर नाव. दोघी आपापल्या पहिल्याच उन्हाळ्यात जुलाबांनी गेल्या. एक सहा महिन्यांची, एक चारची. सासूबाई म्हणाल्या, "सुंदर नावांनी नजर ओढली. आता होईल तिला कोणाला हेवा वाटणार नाही असं काहीतरी म्हण. आणि का म्हणतेस ते तिला जन्मात सांगू नकोस. सांगितलंस की गेली."

तिसरी झाली तेव्हा मी सात घरी जाऊन जुने कपडे मागून आणले, तेच तिला घातले. यजमानांकडे कापसाची पोती असायची. त्यातल्या एकावर ती झोपली होती. मी म्हटले, खीशा. म्हणजे गोणपाट. यजमानांचा चेहरा उतरला. ते एवढेच म्हणाले, "हाक मारताना माझी जीभ रेटेल का, सांगता येत नाही." पण रेटली.

सातव्या दिवशी नाव ठेवायला बायका जमल्या, रीतीप्रमाणे मूल चाळणीत ठेवले, पितळी खलबत्ता वाजला. नाव ऐकल्यावर खलबत्ता थांबला. माझी नणंद दौलत हसली. "अगं वहिनी, मुलीला नाव ठेवतेस की कोठीत पोतं ठेवतेस?" मग सगळ्याच हसल्या. मी नाव ठेवले, आणि त्या दिवसापासून लोकांनी नावे ठेवली. नोंदणीच्या कारकुनाने पेन खाली ठेवून यजमानांना विचारले, "ही मुलगी आहे की माल?" यजमान म्हणाले, "लिहा साहेब." शाळेत बाईंनी पहिल्या दिवशी नाव दोनदा विचारले, दुसऱ्यांदा वर्गाला ऐकू जावे म्हणून. ती सात वर्षांची असताना मला म्हणाली, "आई, माझंच नाव असं का?" मी म्हटले, "मला आवडलं म्हणून."

एकोणिसाव्या वर्षी स्थळ आले. मुलगा बरा होता, दोघांची नजरानजर झाली होती. त्याच्या आईने सरबताचा पेला हातात घेतला, नाव विचारले, ऐकले आणि पेला न पिता तबकात परत ठेवला. "हे नाव पत्रिकेवर छापायचं आम्ही?" त्या बाईला माझ्या मौतीचा निरोप जाऊ नये. माझी मुलगी त्या दिवशी रडली नाही. दोन वर्षांनी कोर्टातून नाव बदलून आली आणि कागद माझ्यासमोर ठेवला. रांदा. मी म्हटले, "असू दे. मी मात्र खीशाच म्हणणार." ती म्हणाली, "माहीत आहे मला." पुढे तिचे लग्न तन्ता शहरात झाले. तिथे जुने नाव कोणाला ठाऊक नाही. जावयासमोर मी तिला नुसते 'पोरी' म्हणते. इथे आली की खीशा म्हणते आणि ती ओ देते.

४. नणंद दौलत जिन्याखालच्या खोलीत राहते. 'पोतं' हा शब्द गल्लीतल्या मुलांच्या तोंडी तिच्यामुळे गेला, म्हणून मी चाळीस वर्षे तिच्याशी बोलले नाही. एका जिन्यावर समोरासमोर येऊन बोलले नाही. पण मृत्युपत्रात खोटे ठेवायचे नाही. खीशाला तीन महिन्यांची असताना तेच जुलाब लागले. मी तिला गोणपाटात गुंडाळून बसले होते. दौलत सरकारी दवाखान्यातून मीठ-साखरेची पुडी घेऊन आली, उकळलेल्या पाण्यात कालवली आणि म्हणाली, "तू लपव तिला तुझ्या पोत्यात. मी पाणी पाजते." दिवसभर चमच्याचमच्याने पाजत बसली. पोर वाचली.

ती नावाने वाचली नाही, हे मला त्याच आठवड्यात कळले होते. पण तसे कबूल केले असते तर नाव बदलावे लागले असते, आणि बदलायला मी घाबरले. उद्या खरेच काही झाले तर, ही भीती. पोर मोठी झाली तरी भीती गेली नाही. सगळ्यांच्या हसण्याचा राग मी दौलतवर काढला, कारण ती जवळ होती. तिला त्या खोलीतून ती असेपर्यंत कोणी उठवू नये. हमदीने तर अजिबात नाही. माझी मोठी रजई तिला द्यावी, तिची खोली ओलसर आहे. हे सगळे मी तिला तोंडाने सांगू शकले तर बरेच. काल जिन्याशी गेले होते. तिचे दार लोटलेले होते. परत आले.

५. मुलगी दर शुक्रवारी येते. गेल्याच्या गेल्या शुक्रवारी ती द्राक्षाच्या पानांत भात भरत होती तेव्हा मी तिला कलम तीन आणि चारमधली हकीकत सांगितली. तिचा हात थांबला. "त्या दोघींची नावं काय होती?" मी सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारली. ती म्हणाली, "मला वाटायचं मी तुम्हा दोघांना नकोशी झाले होते. तिसरीही मुलगीच म्हणून."

"नाही गं. तू इतकी हवी होतीस की…"

"मग एकदा तरी सांगायचंस, आई. तो पेला परत ठेवला ना त्या बाईने, त्या दिवशी तरी."

तिने उरलेली पाने भरली, भांडे चुलीवर ठेवले आणि न जेवता गेली. या गेल्या शुक्रवारी आली नाही.

६. आज कागद वाचून झाल्यावर वकीलसाहेबांनी विचारले, "वारसाचं नाव काय लिहू, बाई? ओळखपत्रावरचं लिहावं लागेल." मी त्यांनाच मुलीला फोन लावायला सांगितला. तिने उचलला. आधी विचारले, "जेवलीस का?" मी जेवले नव्हते, हो म्हटले. मग काय लिहायचे ते विचारले. मागे तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता, तो तिने बंद केला.

"दोन्ही लिहायला सांग," ती म्हणाली. "पण आधी माझं, मग तुझं."

"शुक्रवारी येशील?"

"बघते."

त्याप्रमाणे वकीलसाहेबांनी लिहिले आहे, आणि मी अक्षर ओळखते तेवढे बोट ठेवून तपासून घेतले आहे: वर जिथे जिथे 'माझी मुलगी' असे आले आहे, तिथे रांदा सुब्ही उर्फ खीशा असे वाचावे.

वाचून दाखवले, समजले, मान्य आहे.

सही: इन्साफ बदवी अश्मावी

साक्षीदार:
१. फतूह शलबी, किराणा दुकानदार, गल्लीच्या तोंडाशी
२. रईफा मंसी, निवृत्त परिचारिका, शेजारीण

लिहिणार व सही ओळखणार: लबीब जिरगिस, वकील

समन्नूद, सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४