भाऊजींचा पंजा आणि आमची काच

तीर्थरूप भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्याने तूर्त मनातल्या मनात). तुमचा गुडघा, ताईचं पित्त आणि बेकरीची भट्टी, तिघंही शांत असतील असं धरून चालतो.

त्या भट्टीवर मी बसवलेल्या टच पॅनेलने, म्हणजे तुमच्या भाषेत ‘त्या काचेने’, आजवर काय काय खाल्लं याचा हिशेब आधी मांडतो. भरपूर करपलेले पाव, मी उगाच बदललेला एक धडधाकट ब्लोअर, माझ्या कारखान्यातल्या इंजिनिअर मुलीची (तुम्ही जिला चष्मेवाली म्हणता) साठवून ठेवलेली सगळी रजा, आणि तुमचं-माझं बोलणं. यातलं शेवटचं सगळ्यात महाग पडलं. तुम्ही अबोला धरल्यापासून ताई फोनवर दोघांच्या वाटचं एकटी बोलते.

काच काढून जुनी फिरवायची बटणं बसवतो, असा तुमचा निरोप पोचला. भट्टी तुमची, हक्क तुमचा. पण पुढच्या आठवड्यात भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीचे खरेदीसाहेब आमची काच प्रत्यक्ष कामावर बघायला येणार आहेत, आणि ती कामावर असलेली जागा सबंध जगात एकच आहे. तिथे त्यांना बटणं दिसली तर मी परत रेडिओ दुरुस्तीला बसायला मोकळा. (आता रेडिओही कोणाकडे राहिले नाहीत, ते वेगळंच.)

तुमची तक्रार मला तोंडपाठ आहे. काच ताईचं ऐकते, कारागिरांचं ऐकते, सहज वाकून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचंही ऐकते. फक्त सकाळी दुकान उघडून मालकाने ‘सुरू’वर बोट ठेवलं की ढिम्म. मग तुम्ही वर हाक मारता, ताई जिना उतरून येते, करंगळी टेकवते आणि भट्टी पेटते. यावर तुम्ही सगळ्या कारागिरांसमोर म्हणालात, “घरात माझं कोणी ऐकत नाही ते ठीक, पण हिला फितवली कोणी?” ते मला लागलं. शब्द चांगला होता म्हणून जास्त लागलं.

या काचेला दाब कळत नाही, हे एकदा नीट सांगतो. तिच्या पोटात बारीक तारांची जाळी असते, तिच्यात चिमूटभर वीज भरलेली असते आणि माणसाचं बोट जवळ आलं की त्यातली थोडी ते ओढून घेतं. किती ओढली ते मोजायचं आणि बोट आहे की नाही ते ठरवायचं, एवढाच काचेचा धंदा. आता तुमची बोटं जन्मभर तापलेले ट्रे उचलून अशी राठ झालीत की ती फारसं काही ओढतच नसणार, असं मला वाटलं. मी चष्मेवालीला सांगितलं, काच तिखट कर. तिने ती इतकी तिखट केली की वाफेचे थेंबसुद्धा तिला बोटं वाटायला लागले. त्या थेंबांनी आपसांत ठरवून आच वाढवली. पाव करपले ते त्या दिवशी. (कारागिरावर ओरडलात, त्याची माफी मागून टाका.)

मग मी कान लावले. आयुष्यभर मी बिघाड कानाने शोधला आहे, हे तुम्ही जाणता. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो कसा आणि कण्हतो कसा, हे मला भिंतीपलीकडून कळतं. तुमचा ब्लोअर मला कण्हताना ऐकू आला. विजेचा असला गोंगाट काचेला चकवतो, हे खरंच आहे, म्हणून ब्लोअर बदलला, अर्थिंग नवं केलं. काच तुमच्याशी तशीच वागली. फक्त आता शांततेत.

शेवटी परवा ताई फोनवर बोलत होती. पावांपासून शेजारणीपर्यंत आणि शेजारणीपासून तुमच्यापर्यंत आली. त्या ओघात म्हणाली, “अरे, हे सकाळी आधी त्या काचेला बैलासारखं थोपटतात, मगच मेन चालू करतात.” मी ताडकन उठून बसलो (कंबर धरली ती तेव्हाच). मेन स्विच भट्टीच्या मागे. तुम्ही डावा पंजा काचेवर टेकता, वाकता आणि उजव्या हाताने खटका ओढता. आणि काच, भाऊजी, वीज येताच पहिलं काम करते ते आपलं रिकामपण मोजून लक्षात ठेवण्याचं. ती रोज सकाळी तुमचा पंजा अंगावर घेऊन जागी होते आणि समजते, रिकामं म्हणजे हेच. मग त्याच जागी तुमचं बोट आलं तर तिला त्यात नवीन काय दिसणार? हळूहळू ती आपली चूक सुधारते, पण त्याला जिना उतरण्याइतका वेळ लागतो. ताईने तिला फितवलेलं नाही.

एवढ्या बडबडीतून ते एक वाक्य टिपलं. माझ्या कानांबद्दल लोक बोलतात ते उगाच नाही.

चष्मेवालीने नवा प्रोग्रॅम लिहिला आहे. आता अंगावरून हात उचलला गेला की काच तिथल्या तिथे रिकामपण नव्याने मोजते, आणि हललं-उठलं ते बोट, बसून राहिला तो थेंब, एवढा फरकही करते. उद्या ती येऊन तो घालून जाईल. तिला चहा द्या, बटणांचा विषय नको.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. : नवा प्रोग्रॅम तपासायला आम्ही इथे सगळ्यांचे पंजे ठेवून बघितले, पण तुमच्या मापाचा पंजा कारखान्यात नाही. म्हणून साहेब येतील त्या दिवशी कृपा करून हात मागे बांधून उभे राहा. मेन ताई चालू करेल. थोपटायचंच असेल तर साहेबांना थोपटा.

आणखी एक ता. क. : थोपटण्याच्या गोष्टीबद्दल ताईकडून कळण्याआधी मीच कबूल करतो. तिने ती मला पाव करपले त्याच आठवड्यात सांगितली होती. मी तेव्हा ब्लोअरला कान लावून बसलो होतो.