काठी, बॅट आणि एकच मैदान

६ एप्रिल
लेकीची, सईची प्रॅक्टिस सुरू झाली. बोचरी थंडी. मी गाडीत हीटर लावून बसलेली, पोरी मात्र हाफ पँटमध्ये. कमोगी म्हणतात या खेळाला. आयर्लंडच्या बायकांचा. काठी हॉकीसारखी, पण चेंडू जमिनीवर कमी आणि डोक्यावरून जास्त. तीन वर्षं बघतेय, तरी काठीवर काठी आपटली की डोळे मिटतात माझे.
आईचा नागपूरहून फोन. "काहून वो, आपला कोणता खेळ नाही का तिथं?" आहे ना. त्याच मैदानावर दुपारी नवऱ्याच्या, मिलिंदच्या टीमचं क्रिकेट. तोच तर घोळ.
आज मि.च्या लोकांनी सकाळी येऊन पिचवर मॅट अंथरून ठेवली होती. सईची मैत्रीण पळता पळता अडखळली, मनगट सुजलं. कोच मॉरीनबाईंनी मॅट ओढत नेऊन कुंपणापलीकडे टाकून दिली. मि. घरी येऊन धुमसतोय. सई वर खोलीत. मी मध्ये, वरणाला फोडणी देत.

१६ एप्रिल
टाऊनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, त्या मैदानासाठी सरकारी पैसे मिळालेत. वेबसाइटवर नकाशा टाकलाय. सबंध मैदान सॉकरचं. प्लास्टिकचं गवत, सभोवती जाळी. क्रिकेट नाही, कमोगी नाही.
जेवताना मि. आणि सई समोरासमोर. दोघांचे चेहरे अगदी सारखे पडलेले. कधी नव्हे ते.

१९ एप्रिल
मॉरीनबाईंना घरी बोलावलं. मि.ला आयत्या वेळी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ग्रोसरीच्या नावाखाली आयसेलिनच्या देशी दुकानांत पळाला असता.
बाई सत्तरीच्या. तरुणपणी आयर्लंडहून आल्या, जन्मभर इथे नर्सिंग केलं. साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली, पण भाषेत सवलत नाही. "तुमची माणसं अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. आमच्या पोरींनी संध्याकाळी खेळायचं कधी?"
मि. म्हणाला, "तुम्ही आमची मॅट फेकलीत."
"पुन्हा फेकेन."
मग मीच बोलले. सॉकरवाल्यांचे आईवडील शेकड्यांनी येतात टाऊनशिपच्या मीटिंगला. आपण वेगवेगळे गेलो तर दोघांनाही हाकलतील. एकत्र जाऊ. सरकारी पैसा आहे, कुणा एकाच्या बापाचा नाही.
कुणीच हो म्हणालं नाही. नाहीसुद्धा म्हणालं नाही. निघताना बाईंनी खिचडीत ते मोत्यांसारखं काय घालता, विचारलं.

२७ एप्रिल
कपडे वाळत घालायची दोरी घेऊन मैदान मोजलं. मी, मि., सई, मॉरीनबाई. गंमत म्हणजे कमोगीला सॉकरपेक्षा खूप मोठं मैदान लागतं, क्रिकेटलाही. म्हणजे दोघांची गरज एकच. अडचण फक्त मधल्या टणक पिचची. त्यावर पोरी पडल्या तर गुडघे फुटणार.
मि. पिचपाशी गेला. ते पिच त्यानेच केलंय, टीमला घेऊन. माती आणली, रोलर भाड्याने आणला, दोन उन्हाळे राबला. मग चालत पूर्वेच्या झुडपांपाशी गेला. तिथून ओरडला, "हे साफ केलं तर पिच इकडे येईल. त्यांच्या रेषेच्या बाहेर."
मी म्हटलं, मग झुडपांकडची बाउंड्री?
"आखूड होईल. होऊ दे."
सईने जाऊन त्याला मिठी मारली. "बाबा, यू आर द बेस्ट." मोठी झाल्यापासून ती असं चारचौघांत करत नाही. हा बावळट दोरीच गुंडाळत बसला.

११ मे
दोन्हीकडे बंडाळी. मि.चा ओपनर म्हणतो, आखूड बाउंड्रीवर खेळणं म्हणजे चेष्टा. तिकडे मॉरीनबाईंच्या क्लबातले जुने लोक नाराज. बाई आज पार्किंगमध्ये बोलत उभ्या राहिल्या. त्यांच्या गावी म्हणे पूर्वी परक्या खेळाला मैदानात पाय ठेवू द्यायचा नाही असा दंडकच होता. वडील त्या कमिटीवर. "त्यांनी मला असं करताना पाहिलं असतं, तर घरात घेतलं नसतं." तिकडे अजूनही वाद चालतात म्हणे, सरकारने पैसे दिले की दार सगळ्यांना उघडायचं की नाही.
मी विचारलं, आणि तुम्हाला काय वाटतं?
"मला वाटतं, माझ्या पोरींना गवत पाहिजे."
मि.ने ओपनरला विचारलं, लहानपणी गल्लीत कुठल्या बाउंड्रीवर शिकलास रे? तो हसला. मिटलं.

१० जून
टाऊनशिपच्या काउन्सिलची मीटिंग. हॉल गच्च. सॉकरवाले एका रंगाच्या टीशर्टात. आमच्या बाजूला हिरवे स्वेटर घातलेले आयरिश आजोबा आणि त्यांच्याशेजारी मि.चे बोलर, ऑफिसातून थेट आलेले, गळ्यात आयडी तसाच. शेजारचे जोशीकाका-काकूसुद्धा आले, ज्यांना दोन्ही खेळ कळत नाहीत.
प्रत्येकाला तीन मिनिटं. सॉकरचे एक गृहस्थ माझ्या आधी बोलले. परदेशी खेळांवर टॅक्सचा पैसा का घालवायचा, म्हणे.
मी लिहून नेलेलं सगळं विसरले. सईला उभं केलं. म्हटलं, ही तुमच्या गावातल्या हॉस्पिटलात जन्मली. तुमच्या शाळेत शिकली. हिची आई नागपूरची, हिची कोच आयर्लंडची, हिचा बाप बॅट घेऊन झोपतो. हिच्यासाठी यातला परदेशी खेळ कुठला, ते कुणीतरी सांगा. टॅक्स आम्हीही भरतो. आणि सॉकरला नको म्हणायला आम्ही आलेलो नाही. आमच्या नकाशात तुमच्याही रेषा आहेत.
खरंच होत्या. मि.ने पडद्यावर दाखवल्या. खरं गवत, तिन्ही खेळांच्या रेषा, काढता-घालता येणारे गोलपोस्ट, पिच कडेला.
मेयरबाईंनी त्याच गृहस्थांना विचारलं, यात तुमचं काय जातंय? त्यांनी नकाशावरच्या आपल्या रेषा मोजल्या. "काही नाही बहुतेक."
मतदान. एकाचा विरोध, बाकी सगळे आमच्या बाजूने!!
मॉरीनबाईंनी कडकडून मिठी मारली. जोशीकाकू रडायलाच लागल्या, का ते त्यांनाही माहीत नाही. घरी येताना मि. गाडीत एकटाच हसत होता. मी माझ्या इंग्रजीला उगाच घाबरत होते इतकी वर्षं.

२० सप्टें.
झुडपं तोडायला दोन्ही क्लब आले. कंत्राटदाराचं काम नंतर, पण आमच्याच्याने राहवेना. ओपनर आणि एक आयरिश आजोबा मिळून एक बुंधा उपटत होते, दोघांनाही एकमेकांचं इंग्रजी कळत नव्हतं. बुंधा निघाला.
कचरा भरता भरता मॉरीनबाई म्हणाल्या, क्लबात आयांची टीम काढतेय, तू ये. मी म्हटलं, मी खो-खो खेळायचे, तेही शाळेत, आता गुडघे बघा. "खो-खो म्हणजे काय?" त्यांना तिथल्या तिथे खाली बसून, उठून, पळून दाखवलं. बाई लगेच म्हणाल्या, "तू मिडफिल्डला."

२ मे
मैदान उघडलं! सबंध हिवाळा कुंपणाबाहेरून बघत होतो. हिरवंगार. मेयरबाईंनी फीत कापली. पहिली मॅच सॉकरच्या छोट्या पोरांची, मग कमोगी, मग क्रिकेट. ते सॉकरचे गृहस्थ मि.शेजारी खुर्ची टाकून बसले आणि एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते विचारत राहिले. अजूनही कळलेलं नाही. मि.लाही कुठे कळतं.
आणि आयांची टीम. आमची पाच मिनिटांची प्रदर्शनीय मॅच. मी पळाले. चेंडू काठीवर घेतला, एकीला हुलकावणी दिली, मारला. एच आकाराच्या गोलपोस्टच्या आडव्या दांडीवरून गेला, म्हणजे पॉइंट! सईची किंकाळी, "दॅट्स माय मॉम!" आता सगळं अंग दुखतंय. दुखू दे.

१२ जुलै
सईची टीम फायनलला. लीगने फायनलसाठी आमचंच मैदान निवडलं. क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदा घरी फायनल. मॉरीनबाईंनी फोनवर तीनदा खात्री करून घेतली.

१९ जुलै
मि.ची टीमही फायनलला, तीही घरच्याच मैदानावर. आखूड बाउंड्रीकडे ओपनरने शेवटच्या ओव्हरला सिक्स मारली, तोच ज्याला चेष्टा वाटत होती. मि.ला खांद्यावर घेतलं सगळ्यांनी. पाठ लचकली, तरी नाचतोय.

२० जुलै
दोन्ही फायनल एकाच रविवारी. दोन्ही सकाळी. मैदान एक.
टाऊनशिपला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, दोन्ही क्लबांनी आपसात ठरवून कळवा.
आत्ता डायनिंग टेबलावर मि. एका टोकाला, सई दुसऱ्या टोकाला. दोघंही गालातल्या गालात हसताहेत. "बाबा, गेस्ट्स फर्स्ट, आमच्या समोरची टीम बाहेरून येतेय," सई म्हणतेय. "मग आम्हीच गेस्ट," मि. म्हणतोय. मॉरीनबाई निघाल्यात, ओपनरही येतोय. मी साबुदाणा भिजत घातलाय. बेल वाजली. जाते.