टीमनं मला का घ्यावं

११ नोव्हेंबर, सोमवार
कालच्या मॅचमध्ये आमच्या टोलीडोच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे दोन रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारे, जखमी. फार वाईट वाटलं. पाच मिनिटं. मग माळ्यावरून बूट काढून पुसले.

दुपारभर रेडिओवर एकच विषय, ऑर्विल टेटला घ्यावं का? म्हणजे मला. अरे, यात चर्चा कसली करता? एकानं फोन करून सांगितलं, टेटकडे बॉल टाकण्यापेक्षा सरळ मैदानाबाहेर टाका, तेवढाच वेळ वाचेल. आवाज ओळखीचा वाटला. माझाच मेहुणा, क्लाइड. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येईलच, तेव्हा बघतो त्याला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ
आजपासून रोज पळायचं. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे थांबलो ते दम लागला म्हणून नाही, शेजाऱ्यानं पानांचा ढीग कसा लावलाय ते बघायला.

टॅमी शाळेतून तोंड पाडून आली होती काल. वर्गातल्या कार्ट्यांनी तिला फोनवर माझ्या त्या जुन्या सुटलेल्या बॉलचा व्हिडिओ दाखवला. लुईव्हिलकडून खेळायचो तेव्हाचा. समोर चिटपाखरू नाही आणि बॉल हातातून खाली. मी तिला समजावलं, बेटा, डोळ्यांवर ऊन येत होतं. ती म्हणाली, त्या स्टेडियमला छप्पर आहे ना? पोरगी आईवर गेलीय.

ठरलं. येत्या रविवारी तिला स्टेडियममध्ये नेऊन बसवणार आणि तिच्या डोळ्यांदेखत बॉल झेलणार. बाकी जग गेलं खड्ड्यात.

मंगळवार, संध्याकाळ
फोन आला! खुद्द टोलीडोच्या कोच डेल्गाडोंचा. मी मुद्दाम लगेच हो म्हटलं नाही. त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार
ट्रायल झाली. दोन बॉल टाकले, एक झेलला. दुसरा जरा वर होता. किंवा खाली. पुढे टाकलेच नाहीत. डेल्गाडोंनी एवढंच विचारलं, लुईव्हिलकडे किती वर्षं होतास? म्हटलं, दोन सीझन. तिथल्या तिथे करार.

रविवारची मॅच नेमकी लुईव्हिलशीच. मी काय ते समजलो. ज्यांनी मला हाकललं त्यांच्यावरच मला सोडायचं. डोकं आहे माणसाला.

रोझलिननं विचारलं, दोनच बॉल टाकले? बायको झाली म्हणून फुटबॉल कळतो असं नाही. म्हटलं, जाणकाराला तेवढे पुरतात.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
मैदानावर नेलंच नाही. एका खोलीत बसवलं. समोर बचावाच्या सगळ्या कोचांची फौज आणि पडद्यावर लुईव्हिलचा क्वार्टरबॅक. बॉल टाकण्याआधी तो आपल्या रिसीव्हरांना खुणा करतो. कधी कान धरतो, कधी पोट चोळतो. डेल्गाडो म्हणाले, तू दोन वर्षं होतास तिथे. याचा अर्थ सांग.

आता इथे लिहायला हरकत नाही. त्या खुणा मी कधी पाठ केल्या नव्हत्या. शेजारचा रिसीव्हर कानात सांगायचा, कुठे पळायचं ते. खुणा पाठ करणं हे ज्यांना झेलता येत नाही त्यांचं काम.

पण माघार घेणारा मी नव्हे. ठणकावून सांगितलं, कान म्हणजे लांब, पोट म्हणजे जवळ. सगळ्यांनी लिहून घेतलं. माझं बोलणं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

घरी रोझलिन म्हणाली, ऑर्विल, त्यांनी तुला खेळायला घेतलंय की बोलायला? मी चिकन विंग्ज छान झाल्यात म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
रविवारी खेळणाऱ्यांची नावं लागली. माझं नाही. छपाईची चूक असणार. डेल्गाडो खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझं काम तू केलंस. म्हटलं, शेवटची पाच मिनिटं तरी उतरवा, पोरगी येतेय. ते म्हणाले, बघू. ‘बघू’ म्हणजे होच.

१७ नोव्हेंबर, रविवार
४५–३. हरलो.

जर्सी मिळाली नाही. स्वेटशर्ट घालून कडेला उभा. लुईव्हिलच्या क्वार्टरबॅकनं कान धरला की बॉल जवळ पडायचा, पोट चोळलं की लांब. प्रत्येक वेळी आमचे लोक भलतीकडेच. मध्यंतरापर्यंत आमचा बचाव लुईव्हिलकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होता. शेवटची पाच मिनिटं आली आणि गेली. डेल्गाडो एवढंच म्हणाले, उद्या लॉकरची किल्ली आणून दे.

कठड्यापाशी रोझलिन आणि टॅमी थांबल्या होत्या. तेवढ्यात लुईव्हिलचे कोच ग्रेडी आले. त्यांनी मला मिठी मारली. माणूस प्रेमळ आहे, तेच तर वाईट. म्हणाले, “तू टोलीडोत गेलास कळल्यावर आमची पोरं घाबरली. म्हणाली, खुणा बदलायला हव्यात. मी म्हटलं, ऑर्विल गेलाय ना? मग कशाला?”

ते हसले. मीही हसलो. ते गेल्यावर टॅमीनं विचारलं, “डॅडी, त्यांनी खुणा का नाही बदलल्या? विसरले का?”

काहीतरी सांगायला तोंड उघडलं. एरवी मला कारणांचा तोटा नाही. आज एकही सुचेना.

रोझलिननंच तिला जवळ घेतलं. म्हणाली, “हो गं, विसरले ते.”

इतक्या वर्षांत माझ्यासाठी ती कधी खोटं बोलली नव्हती. मला फार लाज वाटली.