डॉक्टरीणबाईंच्या कोटाचं बटण

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (उजवा हात टेकत नाही, तेव्हा सध्या सातच अंगांचा धर, आठवं मागाहून.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला आणि खोकल्यावरची त्यांची भाषणं, दोन्ही थांबली असतील अशी आशा आहे.

मशिनीत सापडलेली माझी तीन बोटं अजून वळत नाहीत. बावीस वर्षं काजं-बटणं केली, आता स्वतःच्या शर्टाची लावायला हिला हाक मारतो. राज्यभरातल्या कामगारांसाठी सरकारने अपंगत्वाचा विमा ठेवला आहे. तो मिळाला नाही तर कारखाना मला दारावर बसवणार (दाराच्या बाहेरच्या बाजूला). म्हणून मंगळवारी विमा कार्यालयात तपासणीला गेलो. ही बरोबर होतीच. सुरुवात फार छान झाली. मूठ वळेना, टाचणी उचलेना, पेन तर थेट डॉक्टरीणबाईंच्या पायावर. मी इतका नापास होतोय हे पाहून हिचा चेहरा उजळला. तेवढ्यात बाई कोट खुर्चीवर टाकून फोन घ्यायला बाहेर गेल्या. कोटाचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं, आणि तो धागाही निळा (पांढऱ्या कोटाला!). ताई, तू मला ओळखतेस. सुई माझ्या कॉलरमागे असतेच, दोरा हिच्या पिशवीत. बाई परत आल्या तेव्हा बटण जागेवर घट्ट. त्यांनी ओढून पाहिलं आणि कोणी लावलं म्हणून विचारलं.

"मी," मी म्हणालो. "आता कोट फाटेल, पण बटण निघायचं नाही."

बाईंनी मनापासून आभार मानले आणि कागदावर लिहिलं की हा इसम बोटांनी बारीक काम करू शकतो.

घर येईपर्यंत ही एकदाच बोलली. "विमा नको होता, तर घरीच सांगायचं."

गुरुवारी फेरतपासणी आहे. जबाबासाठी नात्यातलं एक माणूस आणा म्हणतात. तू ये.

तुझा धाकटा

ता. क. हिला का नेत नाही, असं तू विचारशील. तीच नाही म्हणते. चारचौघांत तुम्हाला खोटं पाडणार नाही, म्हणते.

आणखी एक. सुई हिने ओवली. टाकेही हिनेच घातले. माझ्या हातातून सुई तीनदा पडली. मी फक्त दातांनी दोरा तोडला. हे बाईंना तू सांग. मी तेवढ्यात पाणी प्यायला बाहेर जाईन.