वर जाताना उजवीकडे

४ मार्च
ह्यांना हॉस्पिटलमधून रिहॅब सेंटरला हलवलं. डावा हात आणि डावा पाय अजून संपावर. बोलणंही. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण कितपत ते सांगता येत नाही. तीन डायरेक्टरांची सेक्रेटरी होते मी. असलं उत्तर मी टाइपसुद्धा केलं नसतं.

ठरवलं. हे घरी येईपर्यंत माळा तयार. ह्यांच्या खेळण्यातल्या आगगाड्या (खेळणी म्हटलेलं चालत नाही, ‘मॉडेल’ म्हणायचं) पलंगाखाली खोक्यांत पडून आहेत. लग्न झाल्यापासून हा माणूस त्यांच्यासाठी डायनिंग टेबल मागतोय. दिलं नाही. देणारही नाही. टेबल जेवायला असतं. पण माळा देईन, अख्खा.

यात भावनेचा काही संबंध नाही. माळा तसाही साफ करायचाच होता.

९ मार्च
मिस्त्री आला. शिडी काढून लाकडी जिना, छताला आतून प्लायवूड, चारी भिंतींलगत कमरेएवढ्या उंचीवर फळी. रूळ फळीवरून फिरून परत जागेवर. जिना उभा होईल म्हणाला. उभा तर उभा. आपल्याला कुठे नाचायचंय त्यावर.

१५ मार्च
लेकीचा फोन. दुसऱ्या शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकते. म्हणे, आई, खाली हॉलमध्येच मांड ना, बाबांना वर कसं नेणार? म्हटलं, नेणार नाही, ते जातील. मग रडली. रडल्याने कुणाची बाजू खरी ठरत नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर हेच सांगायच्या, रडवायच्याही त्याच.

२२ मार्च
कठडा एकाच बाजूला, उजव्या. ह्यांचा उजवा हात शाबूत आहे. दोन्हीकडे लावला तर जिना अरुंद होऊन फळ्या वर जायच्या नाहीत. इतका बारीक विचार या घरात मीच करते.

३ एप्रिल, संध्याकाळ
झालं. बोगदा, पूल, सिग्नल, सगळं. मिस्त्रीने वरच सगळ्या फळ्या एकमेकींत सांधून स्क्रू आणि गोंद मारलाय. भूकंप आला तरी हलणार नाही म्हणतो. खोक्यातली छत्रीवाली बाई मी स्टेशनवर चिकटवली. गाडी उशिरा आल्यासारखं तोंड आहे तिचं. हे म्हणाले असते, ओळखीची वाटते. म्हणतीलच.

११ एप्रिल
हे आले. व्हीलचेअर जिन्यापाशी नेली. कितीतरी वेळ वर बघत होते. मग माझ्याकडे. मग कठड्यावर उजवा हात ठेवून थोपटलं, घरात नवीन गाय यावी तसं. सुरुवात चांगली आहे. रोज एक पायरी, हिशोब सोपा.

२० एप्रिल
चार पायऱ्या चढले! फिजिओवाली मुलगी नको नको म्हणत मागे उभी. मी वरून हाक मारत होते.

मग उतरायचं होतं. उतरताना कठडा डावीकडे येतो. हे मला कुणी सांगितलं नाही. उलटं उतरणं जमेना. चौथ्या पायरीवर बसून राहिले, कठडा धरून. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून उचलून आणलं. पायजमा ओला झाला होता. मी शेजाऱ्यांना सांगितलं, माझ्या हातून तांब्या लवंडला.

जाताना फिजिओवाली म्हणाली, “काकू, जिना विसरा आता.”

“म्हणजे कधीपर्यंत?” मी विचारलं.

तिने चपला घालायला बराच वेळ लावला.

२ मे
जिना बंद झाल्यापासून नवीन योजना. मी वर जाऊन गाडी चालवते, हे खालून आवाज ऐकतात. बोगद्यात शिरली की आवाज बदलतो, तो छतातून छान कळतो. दहा दिवस उत्तम चाललं होतं. आज खाली आले तर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलेलं. उशी कानावर.

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. रात्री जेवले नाहीत. मीही नाही, भूक नव्हती, दुसरं काही नाही.

५ मे
मिस्त्रीला बोलावलं. सगळं खाली आण म्हटलं. म्हणाला, ताई, एकसंध आहे, जिन्यातून उतरायचं नाही.

“मग काप,” मी म्हटलं.

त्याने टेप काढली, कुठून ते विचारलं. म्हटलं, जेवढं डायनिंग टेबलावर मावेल तेवढं काप. करवत चालू असताना मी ह्यांच्याजवळ बसले. आवाज मोठा होता. त्यांनी माझा हात धरून ठेवला. की मी त्यांचा. जाऊ दे.

६ मे
टेबलावर एक सरळ तुकडा मावला. स्टेशनचा. बोगदा नाही, वळण नाही. गाडी सुटली की थेट टेबलाच्या टोकाला जाऊन पडेल. म्हणून टोकाला मी बसते, हात आडवा धरून. बटण ह्यांच्या उजव्या हातात. मी अडवते, ते उलटी सोडतात. परत येते. परत अडवते.

दुपारी एकदा मुद्दाम जोरात सोडली. माझं बोट चेंगरलं. अर्ध्या तोंडाने हसले.

आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. ही व्यवस्था तात्पुरती आहे. टेबल जेवायला असतं.