दुसऱ्या नंबरचा उमेदवार

श्री. रा. रा. जावईबापू विहंगराव यांस, उंद्रीहून निवृत्तीचा रामराम. तुमची आणि चि. सुचिताची तब्येत ठीक असेल, आणि तिकडची, परदेशातली, खासदारकीची निवडणूकही सुखरूप पार पडो. आम्ही इकडे खुशाल आहोत. (म्हणजे म्हशी खुशाल आहेत, माझं पुढे येतंच आहे.) फोनच केला असता, पण सुचिता सगळं आईला सांगते.

तुम्ही मागे सांगितलं होतं, की तुमच्याकडचे जुने खासदार पुन्हा उभे राहत नाहीत, जागा मोकळी म्हणून सात जण उभे आहेत, आणि मतदार एकालाच मत न देता पसंतीने एक, दोन, तीन असे नंबर देतात. ज्याला पहिले नंबर सर्वांत कमी तो बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांवरच्या दुसऱ्या नंबरवाल्याला. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या मारुतीच्या भंडारा समितीचं अध्यक्षपदही तेव्हाच मोकळं झालं होतं, कारण भगवानरावांचे गुडघे गेले. अध्यक्षाला फेटा बांधतात, पहिला नारळ तोच फोडतो, आणि मी वर्षानुवर्षं पाण्याच्या टँकरमागे धावतो. फेटा मला हवा होता, खोटं कशाला बोलू. समितीला तुमची पद्धत मीच पटवली.

उभे तिघे, मत देणारे एकवीस सभासद, त्यांत तुमच्या सासूबाईही. रंगराव म्हणतो, भंडाऱ्याला रोडगे आणि वांग्याची भाजीच पाहिजे. गणेश (तुमच्या सासूबाईंचा सख्खा भाऊ) म्हणतो, पुरी-बुंदी. दोन्ही तट एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, मी मात्र दोन्हीकडे जेवतो. म्हणून घरोघर फिरलो, ‘पह्यला तुमच्या माणसाले द्या, दुसरा तेवढा मले द्या.’ कोणी नाही म्हटलं नाही. रंगराव आणि गणेशनेही कबूल केलं, वर चहा पाजला. एवढा गोड प्रचार गावाने पाहिला नव्हता.

सभासदांनी शब्द पाळला, तिथेच घात झाला. रंगराव दहा, गणेश दहा, मी एक, ते माझंच. साऱ्या गावाचे दुसरे नंबर माझ्या नावावर आणि मी पहिल्याच फेरीत बाद. आता माझी चिठ्ठी दुसऱ्या नंबरवाल्याला द्यायची, आणि तिच्यावर दुसरा होता रंगराव. (मला रोडगे आवडतात, आणि मतदान गुप्त होतं.) पण पहिला नंबर माझा असलेली चिठ्ठी एकच, म्हणजे ती कोणाची हे साऱ्या मंडपाला कळलं. रंगरावला फेटा बांधला. गणेशने माझ्याकडे पाहिलं, त्याच्या बहिणीनेही पाहिलं. तेव्हापासून ती बोलत नाही, नुसतं ताट सरकवते. फेट्याचं दुःख मी गिळलं, हे गिळवत नाही.

तुमच्या सात उमेदवारांना एवढंच सांगा, की आधी पहिल्या फेरीत टिका, दुसरे नंबर मागाहून कामी येतात.

आपला,
निवृत्ती

ता. क. : सासूबाईंना फोन करून सांगा, की तुमच्याकडे दुसरा नंबर सर्वांत नावडत्या माणसाला देतात. जावयाचा शब्द त्या खाली पडू देत नाहीत.

ता. क. दुसरा : रोडग्यांचं नाव काढू नका.

ता. क. तिसरा : (हे गोजरबाई लिहून राह्यली. चष्मा शोधता शोधता कागद सापडला.) जावईबापू, मी भावासाठी नाही रुसली. यायनं साऱ्या गावाले दुसरा नंबर मागतला, अन् घरी येऊन मलेही दुसराच मागतला. मले त पह्यला मागा लागत होता. मी देला असता.