'कळावे' यांचे लेख

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा तूर्तास मेलमध्येच.) तुझा गुडघा काय म्हणतो? काका अजून पंख्याच्या वेगावरून तुझ्याशी भांडतात का? आमचं बरं चाललंय, म्हणजे कालपर्यंत तरी चाललं होतं.

तुला माहीतच आहे, मासिकाच्या वेबसाइटवर प्रत्येक लेखामागे लेखकाचं नाव भरायचं काम माझ्याकडे आहे. हे नाव पानाच्या पोटात असतं, आणि कोणी इंटरनेटवर लेख शोधला की तेच वर येतं. त्याचे नियम म्हणजे डोक्याला ताप. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, पदवी नको, टोपणनाव दुसऱ्या चौकटीत, आणि नवरा-बायकोनं मिळून लिहिलं असेल तर (देव त्यांचं भलं करो) परिशिष्ट पाहावे. मी मीटिंगमध्ये म्हटलं, एकच चौकट ठेवा आणि लेखक स्वतः लिहितो तसं नाव तीत टाका. संपादकांनी चक्क मान डोलावली. मी दोन दिवस ऑफिसात कॉलर ताठ करून फिरले.

आमच्या संगणकवाल्या महाशयांनी नियम अक्षरशः पाळला. लेखक स्वतःचं नाव मेलच्या तळाशी लिहितो, असं धरून त्यांनी प्रत्येक मेलची शेवटची ओळ उचलायला यंत्राला सांगितलं. पण पाठवणाऱ्याचं नाव मेलच्या माथ्यावर दिसतंच म्हणून बहुतेकांनी खाली लिहिलंच नव्हतं. सकाळी बघते तर आमचे सर्वांत जास्त लेख 'कळावे' नावाच्या गृहस्थांचे. त्यांच्या खालोखाल 'लोभ असावा'. हृदयविकारावरचा लेख 'घाईत आहे, चूकभूल द्यावी घ्यावी' यांचा. (त्या डॉक्टरांचे पेशंट काय समजले असतील ते असो.) संपादकांनी केबिनमध्ये जे ऐकवलं, ते वडीलधाऱ्या माणसाला लिहिता येत नाही.

संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांची नावं त्यांना परत दिली. राहिला एकच लेख, उसवलेल्या स्वेटरवरचा तुझा. त्याची लेखिका आहे 'तुझीच मावशी'. वाचकांना ते इतकं आवडलंय की संपादक म्हणतात, हात लावू नका. पण लेख पाठवलास तेव्हा तू फोनवर हळूच विचारलं होतंस, "नाव येईल ना गं माझं?" ते काही माझ्या मनातून जात नाही.

काकांना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझी भाची

ता. क. भांडून उद्या दुपारपर्यंतची मुदत मिळवली आहे. लेखिकेनं स्वतः लिहून दिलं तर बदलू, म्हणाले. तुझे सगळे जुने मेल चाळले, एकातही तू नाव लिहिलेलं नाहीस. माहेरचं, सासरचं, नाहीतर नुसतं तुझं, तुला हवं ते लिही. काकांना विचारत बसू नकोस.

आणखी एक. नावाखाली 'कळावे' लिहू नकोस. त्या गृहस्थांचं आमच्याकडे आधीच फार नाव झालंय.